उपचाराची पावती आणि बाईची पाठवणी

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एम.एस., झालेल्या बाईच्या घरात आज ना उद्या एक माहितीपत्रक येतेच. कधी भाऊ आणतो, कधी शेजारचे काका मोबाईलवर पाठवतात, कधी नवऱ्याच्या ऑफिसातला कोणी ‘सहज’ देतो. गुळगुळीत कागद, पांढऱ्या कोटातले हसरे डॉक्टर, चाकाच्या खुर्चीतून उठून उभी राहिलेली एक तरुणी आणि वर मोठ्या अक्षरांत स्टेम सेल थेरपी. तिच्याच पोटावरच्या चरबीतून किंवा कमरेच्या हाडातून मूलपेशी काढायच्या, त्यांवर प्रयोगशाळेत काही प्रक्रिया करायची आणि त्या शिरेत किंवा पाठीच्या मणक्यात टोचायच्या. चार-पाच दिवस मुक्काम. खर्च काही लाख. हप्त्यांची सोय आहे.

हा लेख त्या माहितीपत्रकाविरुद्ध आहे. संशोधनाशी आमचे भांडण नाही. ते पत्रक हातात धरून ‘करून तर पाहू’ म्हणणाऱ्या बाईशी तर मुळीच नाही. पण तिला त्या दवाखान्याच्या दारापर्यंत आणून सोडण्यात कुटुंबाचा, डॉक्टरांचा, सरकारचा आणि थोडासा आपल्या चळवळीचाही जो हात आहे, त्याबद्दल स्पष्ट बोलायची वेळ आली आहे.

आधी आजार समजून घेऊ. मेंदू आणि मज्जारज्जू यांतल्या चेतातंतूंभोवती मायलिन नावाचे वेष्टण असते, विजेच्या तारेवर रबर असते तसे. एम.एस.मध्ये शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी या वेष्टणावर हल्ला चढवतात. जिथे वेष्टण उडते तिथून जाणारा निरोप अडखळतो किंवा पोचतच नाही. म्हणून कोणाला एका डोळ्याने अंधुक दिसू लागते, कोणाचा पाय बधिर होतो, कोणाच्या हातातून वाटी निसटते, कोणाला लघवी धरून ठेवता येत नाही. शिवाय थकवा, ज्याला बाहेरून काहीच दिसत नाही असा थकवा. बहुतेकींना हे विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होते. पुरुषांच्या मानाने बायकांमध्ये हा आजार दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. २०२० सालच्या जागतिक पाहणीनुसार सुमारे २८ लाख माणसे हा आजार घेऊन जगत आहेत.

विशी ते चाळिशी, आणि बाई. आपल्याकडे या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होते ते या पानांच्या वाचकांना सांगायला नको. लग्न ठरायचे असते, नाहीतर नुकतेच झालेले असते, नाहीतर मूल अंगावर पीत असते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत या आजाराचे झटके कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत वाढतात, हे युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासातून १९९८ साली स्पष्टपणे पुढे आले. आपल्याकडे त्याचे स्पष्टीकरण तयारच असते. बाळंतपणात वारा लागला. शेकशेगडी नीट घेतली नाही. आणि शेवटी, हिला करायचंच नाही.

अंग तापले की या आजाराची जुनी लक्षणे तात्पुरती उफाळून येतात. ऊटहोफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हे १८९० साली नोंदवले आहे. आता ही नोंद विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवा. भाकऱ्या थापता थापता बाईला दिसेनासे होते, पाय लटपटतात. पंख्याखाली जरा पडली की ठीक वाटते. सासूला यातून काय दिसणार? काम आले की डोळे जातात, झोपले की येतात. त्या घरात ऊटहोफ कोणाला ठाऊक असणार! पण निदान डॉक्टरांना तरी असावा ही अपेक्षा अवाजवी नाही.

डॉक्टरांचेही सांगायला हवे. या आजाराचे पहिले पद्धतशीर वर्णन १८६८ मध्ये झां-मार्तां शार्को यांनी पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात केले. गरीब, म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या बायकांचे ते इस्पितळ. हेच शार्को पुढे ‘हिस्टेरिया’च्या बायकांना भरल्या सभागृहात आणून त्यांची प्रात्यक्षिके दाखवण्यासाठी जगभर गाजले. एकाच छपराखाली, एकाच माणसाच्या हाताखाली बाईच्या शरीराला दोन नावे मिळाली. दीडशे वर्षांनंतरही एम.एस. झालेल्या बाईला बऱ्याचदा आधी दुसरे नाव मिळते आणि पहिले मिळायला वर्षे जातात. मानसिक आहे, ताण आहे, लग्न करून द्या म्हणजे बरी होईल. ही वाया गेलेली वर्षे महत्त्वाची आहेत, कारण औषधांचा सर्वाधिक उपयोग सुरुवातीच्या काळात होतो.

आता बाजाराकडे वळू. बहुतेकींचा एम.एस. निदान सुरुवातीला तरी झटक्याझटक्यांनी येतो. झटका काही दिवस किंवा आठवडे टिकतो आणि मग पूर्ण नाही तरी बराचसा आपोआप ओसरतो. कोणताही उपचार विकणाऱ्याला यापेक्षा सोयीचा आजार मिळणार नाही. झटक्याच्या भरात बाई हवालदिल होऊन येते, तिला काहीतरी टोचले जाते, सहा आठवड्यांनी ती चालू लागते. श्रेय इंजेक्शनला. पूर्वी अशाच वेळी अंगारा लागू पडत असे. मग तिचा व्हिडिओ काढला जातो. पुढच्या वर्षी ती पुन्हा आडवी होते, तेव्हा कॅमेरा घेऊन कोणी येत नाही.

हे एकदाच घडलेले नाही. २००९ मध्ये इटलीतल्या पाओलो झाम्बोनी या शल्यचिकित्सकाने मांडले की मानेतल्या शिरा अरुंद झाल्यामुळे एम.एस. होतो आणि त्या फुग्याने रुंद केल्या की रुग्ण सुधारतो. त्याला ‘मुक्ती’चा उपचार असे नाव पडले (आपला शब्द कोण कुठे वापरील सांगता येत नाही). कॅनडातले रुग्ण वर्गणी गोळा करून परदेशी गेले, त्यांतले काही भारतातही आले. २०१७ साली खुद्द झाम्बोनींच्याच काटेकोर चाचणीत या उपचाराचा काही उपयोग नसल्याचे दिसले. पैसे अर्थातच कोणाला परत मिळाले नाहीत.

मूलपेशींची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण तिच्यात खरे संशोधनही आहे. मूलपेशींच्या नावाखाली एम.एस.साठी दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात आणि त्यांची जाणूनबुजून केलेली सरमिसळ हेच या धंद्याचे भांडवल आहे. म्हणून थोडा धीर धरून हा भाग वाचावा ही विनंती.

पहिली गोष्ट अस्थिमज्जारोपणाच्या जातीची. रुग्णाच्या रक्तातून रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी काढून गोठवून ठेवतात. मग कॅन्सरला देतात तशी तीव्र औषधे देऊन तिची बिघडलेली प्रतिकारयंत्रणा जवळजवळ पुसून टाकतात. त्यानंतर ठेवलेल्या पेशी परत देतात आणि त्यांतून नवी प्रतिकारयंत्रणा उभी राहते. यात खरा उपचार म्हणजे ती जहाल औषधे. मूलपेशी मेंदूत जाऊन तुटलेले काही सांधत नाहीत. पुसलेले रक्त पुन्हा उगवावे म्हणून त्या बियाण्यासारख्या लागतात. एम.एस.साठी हा प्रयोग ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात १९९५ मध्ये सुरू झाला. सुरुवातीच्या काळात उपचारानेच शंभरामागे पाचच्या आसपास रुग्ण दगावत. पुढे रुग्णांची निवड सुधारली, औषधांची मात्रा बदलली आणि धोका खूप खाली आला. २०१६ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. एक जण उपचारात दगावला. उरलेल्यांना नंतर एकही झटका आला नाही. २०१९ मध्ये शिकागो, शेफिल्ड, उप्साला आणि साओ पाउलो इथल्या ११० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. नेहमीची औषधे दिलेल्या गटात ३४ जणांचे अपंगत्व वाढले, रोपण झालेल्या गटात तिघांचे. आकडा लहान नाही. पण तुलनेतल्या औषधांत सर्वांत प्रभावी औषधे धरलेली नव्हती, हा आक्षेपही रास्त आहे. म्हणूनच त्या औषधांशी समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्या ब्रिटन, अमेरिका, नॉर्वे इथे हाती घेतल्या गेल्या.

शिवाय हा उपचार ज्यांचा आजार झटक्यांनी येतो, जोरात आहे, औषधांना दाद देत नाही आणि फार जुना नाही, त्यांच्यासाठी आहे. दहा-पंधरा वर्षे खुर्चीत असलेल्या बाईला तो उभे करत नाही. गेलेले तंतू परत येत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या माहितीपत्रकातली. चरबीतून, मज्जेतून किंवा नाळेतून काढलेल्या दुसऱ्याच जातीच्या पेशी, जहाल औषधांशिवाय, नुसत्या टोचायच्या. त्या ‘दुरुस्ती’ करतात असा दावा. या पेशींचीही नीट परीक्षा झाली आहे. १४४ रुग्णांवर, अनेक देशांत, खऱ्या आणि खोट्या इंजेक्शनची तुलना करून. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. इजा फारशी झाली नाही, पण २४ आठवड्यांनी मेंदूच्या चित्रात दिसणारी ताजी सूज या पेशींनी कमी झाली नाही. संशोधकांनी ते प्रामाणिकपणे छापले. उद्या आणखी चांगली पद्धत सापडेलही, शोध चालू राहावा. पण आज दवाखान्याच्या काउंटरवर पैसे मोजून जे विकत मिळते, त्याची अवस्था ही आहे. धंद्याची हातचलाखी एवढीच की भिंतीवर कात्रण पहिल्या गोष्टीचे लावायचे आणि टोचायची दुसरी.

कधीकधी टोचतात ते त्याहून भयानक असते. रॉबर्ट ट्रॉसेल नावाचे डॉक्टर रॉटरडॅमच्या आपल्या दवाखान्यात एम.एस.च्या रुग्णांना मूलपेशींच्या नावाने इंजेक्शने देत. त्यांतल्या काही द्रावणांत गाईगुरांच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा अंश होता. ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने २०१० साली त्यांचे नाव नोंदणीतून काढून टाकले. अगतिक रुग्णांचा गैरफायदा घेतला, असा ठपका ठेवून. दुसरे उदाहरण डोळ्यांचे आहे, पण चरबीतल्या याच पेशींचे. अमेरिकेतल्या फ्लॉरिडामध्ये तीन वृद्ध स्त्रियांच्या डोळ्यांत त्या टोचल्या गेल्या आणि तिघींचीही नजर गेली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचण्यांच्या सरकारी यादीत या उपचाराची नोंद होती, आणि तरी त्यांच्याकडून पाच-पाच हजार डॉलर घेतले होते. ‘आमची नोंदणी आहे’ या वाक्याला भुलू नये ते यासाठी.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ साली मूलपेशींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असे शब्द होते. २०१३ च्या सूचनांच्या नावातून ‘उपचार’ हा शब्द मुद्दाम काढून टाकला. दवाखान्यांनी तो आपल्या पाट्यांवर ठेवला. २०१७ च्या सूचनांत स्वच्छ लिहिले आहे की मान्यता मिळालेल्या आजारांतले रक्तपेशींचे रोपण सोडले तर मूलपेशींचा रुग्णांवरचा बाकी सर्व वापर प्रायोगिक आहे, तो मंजूर चाचणीतच व्हावा आणि चाचणीबाहेर करणे हा वैद्यकीय गैरव्यवहार आहे. चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे प्रयोग आहे म्हणाल तर पैसे घेता येत नाहीत, आणि सिद्ध उपचार आहे म्हणाल तर ते खोटे आहे. तरीही मुंबई-पुण्यापासून दिल्ली-चेन्नईपर्यंत हा व्यवहार उजळ माथ्याने चालत आला. रुग्णाच्याच पेशी आहेत, हे औषध नव्हे, ही तर प्रक्रिया, असा दवाखान्यांचा युक्तिवाद. सूचनांना दात नाहीत. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा मेंदूचे विकार आणि पक्षाघात बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करतो, पण तो कपाटात आहे.

इथवरचे एखादा चांगला वैद्यकीय लेखकही लिहील. आमचे म्हणणे यापुढे सुरू होते.

हे लाख रुपये येतात कोठून? आमच्या सल्ला केंद्रात आलेल्या एका बाईची हकीगत सांगते. नाव, गाव काही देत नाही. प्राथमिक शाळेत शिक्षिका, लग्नाला सहा वर्षे, एक मुलगी. दोन झटक्यांनंतर निदान झाले. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी नियमित औषध सुचवले. दर सहा महिन्यांनी सलाईनमधून घ्यायचे, सोबत व्यायामोपचार. घरात महिनाभर चर्चा झाली. ‘हे काय आयुष्यभर चालू ठेवायचं?’ औषध सुरू झाले नाही. व्यायामासाठी बाहेर न्यायला कोणाला वेळ नव्हता. शाळेतून आल्यावर दोन तास पडू द्या, स्वयंपाकाला बाई ठेवा, हे तर कोणाच्या डोक्यातही आले नाही. वर्षभरात तिसरा झटका आला. आणि मग अचानक पैसे उभे राहिले. तिच्या भविष्यनिर्वाह निधीतून, तिच्या पाटल्यांतून, तिच्या वडिलांच्या जमिनीच्या तुकड्यातून. नवऱ्याच्या घरचे जाण्यायेण्याचे भाडे. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात इंजेक्शने झाली. तीन महिने बरे वाटले, मग पुन्हा जिथल्या तिथे. चौथ्या महिन्यात सासऱ्यांनी तिच्या वडिलांना बोलावून सांगितले, “आम्ही करायचं ते सगळं केलं. स्टेम सेलसुद्धा केलं. आता तुम्ही बघा.”

स्टेम सेलसुद्धा केलं. हे वाक्य आम्ही नंतर आणखी दोघींच्या घरांत ऐकले, थोड्याफार फरकाने. या इंजेक्शनातून बाईच्या मज्जारज्जूला काही मिळत नसेल, कुटुंबाला मात्र एक नक्की मिळते. पावती. कर्तव्य पार पाडल्याची, छापील, रकमेसकट. ती चार लोकांत दाखवता येते. रोजच्या औषधाची, रोजच्या आधाराची, भांडी स्वतः घासल्याची अशी पावती मिळत नाही. नियमित औषध सुरू करणे म्हणजे हा आजार आणि ही बाई दोन्ही आयुष्यभर आपल्या घरात राहणार हे मान्य करणे. एकरकमी इंजेक्शनचा अर्थ उलटा असतो. एकतर तू पूर्वीसारखी हो, नाहीतर आमची जबाबदारी संपली.

हे आपल्याच समाजाचे दुर्गुण आहेत असे समजू नका. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मेंदूतली गाठ, कॅन्सर आणि एम.एस. असलेल्या ५१५ रुग्णांचे पुढे काय झाले ते पाहिले. रुग्ण पुरुष असेल तर घटस्फोट किंवा फारकतीचे प्रमाण २.९ टक्के, रुग्ण बाई असेल तर २०.८ टक्के. सातपट. एवढे सांगून पुढे जाते, भाष्य कराल तुम्हीच.

आणि पर्याय नव्हता असे नाही, हे सर्वांत चीड आणणारे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एम.एस.ची औषधे पहिल्यांदा घातली. क्लाड्रिबिन, ग्लाटिरामर आणि रिटुक्सिमॅब अशी तीन. यांतले रिटुक्सिमॅब मुळात रक्ताच्या कॅन्सरचे औषध. स्वीडनमध्ये एम.एस.साठी ते वर्षानुवर्षे सर्रास वापरले जाते. त्याची देशी आवृत्ती भारतीय कंपनीने २००७ पासून बाजारात आणली आहे. तिचा वर्षाचा खर्च त्या पॅकेजपेक्षा पुष्कळ कमी होऊ शकतो. प्रत्येकीला ते चालेल असे नाही, जंतुसंसर्गाचा धोका असतो, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचे. पण ते आहे, आपल्याच देशात बनते, आणि तालुक्याच्या बाईपर्यंत पोचत नाही. गुळगुळीत कागद मात्र पोचतो.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत एम.एस.चा स्पष्ट समावेश केला. चांगली गोष्ट झाली. पण बहुतेक सवलतींसाठी लागते ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र, आणि हा आजार मोजपट्टीपुढे स्थिर उभा राहत नाही. तपासणीच्या दिवशी चालत गेलेली बाई त्यानंतरचा आठवडा अंथरुणात काढते. थकव्याला टक्के कोण देणार?

मैत्रिणींनो, आता आपल्या चळवळीकडे येते. हे सगळे बोलू लागलो की दवाखान्यांचे लोक आपलीच घोषणा आपल्याला ऐकवतात. शरीर तिचे, निर्णय तिचा, तुम्ही कोण अडवणाऱ्या? प्रश्न टाळण्यासारखा नाही. या निर्णयाचा अधिकार बाईचाच, हे आम्ही शंभरदा म्हणू. पण हाच युक्तिवाद आपण पूर्वी ऐकला आहे. १९८० च्या दशकात टोचायच्या गर्भनिरोधकांच्या वेळी, नेट-एनच्या चाचण्यांच्या वेळी, आम्ही तर बाईला ‘निवड’ देतो आहोत असेच सांगितले जात होते. तेव्हा स्त्री संघटनांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात विचारलेला प्रश्न साधा होता. टोचण्याआधी तिला काय सांगितले? तो प्रश्न आजही तसाच लागू पडतो. जिला खरी औषधे आहेत हे माहीत नाही, जिला ही पेशी कोणती आणि ती पेशी कोणती यातला फरक मुद्दाम सांगितला जात नाही, जिच्यापुढे ‘हे कर नाहीतर माहेरी जा’ एवढेच दोन रस्ते ठेवले आहेत, तिच्या सहीला निवड म्हणणे ही तिची थट्टा आहे.

आणि सही तरी तिची असते का? १९९४ साली शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद म्हटल्या गेलेल्या मुलींची गर्भाशये पुण्यात काढली गेली, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांच्या ‘भल्यासाठी’ निर्णय घेतला होता. विचारले फक्त त्यांना नव्हते. त्या वेळी आपण रस्त्यावर उतरलो. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर अपंग बाईचा प्रश्न त्यानंतर आपल्या अजेंड्यावर शेवटच्या ओळीतच राहिला. हिंसाचाराच्या तक्रारी नोंदवणाऱ्या किती केंद्रांत चाकाच्या खुर्चीला आत यायला वाट आहे? आमचे केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. त्या शिक्षिकेशी आम्ही जिन्याच्या पायरीवर बसून बोललो.

निर्णयाचा प्रश्न खऱ्या उपचारातही आहे, हे विसरून चालणार नाही. वर सांगितलेल्या रोपणात जी जहाल औषधे देतात ती अंडाशयांना इजा करतात. पाळी कायमची जाऊ शकते, अकाली रजोनिवृत्ती येऊ शकते, मूल होण्याची शक्यता संपू शकते. वय जितके जास्त तितका धोका जास्त. आधी बीजांडे गोठवून ठेवता येतात, त्यासाठी वेळ आणि पैसे लागतात. जिच्या घरात तिची किंमत कुशीवर ठरते, तिच्यासाठी ही बाब रोपणातल्या जिवाच्या धोक्याइतकीच मोठी असू शकते. आणि जिला मूल नकोच आहे तिच्यासाठी ती मुळीच मोठी नसेल. म्हणूनच हे तिला एकटीला, नवरा आणि वडील खोलीबाहेर असताना, तिच्या भाषेत विचारले गेले पाहिजे. अशी खोली आज किती इस्पितळांत मिळते?

ऑटिझमच्या मुलांवर मूलपेशींची इंजेक्शने देऊ नयेत, त्यांचा प्रचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये म्हटले. पालकांनी पाठपुरावा केला म्हणून ते झाले. एम.एस.बद्दलही तितक्याच स्पष्ट शब्दांत लेखी हवे आहे, आणि मराठीत, जिल्हा रुग्णालयाच्या भिंतीवर. अत्यावश्यक यादीतली औषधे जिल्हा पातळीवर मोफत मिळावीत. पैसे घेऊन चाचणी करणाऱ्यांवर वैद्यक परिषदेने स्वतःहून कारवाई करावी. इंजेक्शन घेऊन फसलेल्या बाईने, आजारी अंगाने, तारखांना खेटे घालायचे ही अपेक्षा ठेवू नये.

यासाठी आम्ही एक निवेदन तयार करत आहोत आणि त्याला पुरावे जोडायचे आहेत. तुमच्या घरी, शेजारी, नात्यात असे माहितीपत्रक आले असेल तर ते फाडू नका. त्यावर आल्याची तारीख घाला, कोणी दिले ते लिहा, पावती असेल तर तिची झेरॉक्स जोडा, संमतीपत्रावर सही कोणी केली ते जरूर पाहा, आणि केंद्राच्या पत्त्यावर पाठवा. बाईचे नाव खोडून पाठवले तरी चालेल. दवाखान्याचे खोडू नका.